एमजीबीच्या पुढच्या भागातला खडखडाट आणि सहा मायक्रोफोनचं चेसिसइअर

सहा चिमटे, सहा लांब वायरी, चॅनेल बदलायची एक डबी आणि हेडफोन, एवढाच हा संच. प्रत्येक चिमट्यात एक छोटा मायक्रोफोन बसवलेला असतो. चिमटे गाडीखाली सहा ठिकाणी लावायचे, वायरी खिडकीतून आत घ्यायच्या, आणि गाडी चालू असताना शेजारी बसलेल्याने बटण फिरवत एकेका जागेचा आवाज ऐकायचा. स्टीलमन कंपनीचं चेसिसइअर हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्याच कल्पनेचे इतर संचही मिळतात. खाली जे लिहिलंय ते या प्रकारच्या वायरवाल्या संचाबद्दल आणि एकाच जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या संदर्भात आहे: १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली एमजीबी.

एमजीबी निवडण्याचं कारण तिच्या बांधणीत आहे. पुढचं सगळं सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) एकाच पोलादी क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईवर, बसलेली. वरचा विशबोन (चाकाला वर-खाली होऊ देणारा आर्म) म्हणून आर्मस्ट्राँगचा लिव्हर-आर्म शॉकअब्सॉर्बरच काम करतो, खालच्या विशबोनची पिव्होट शाफ्ट त्याच क्रॉसमेंबरला, कॉइल स्प्रिंगची वरची बैठकही तिथेच. डाव्या चाकाशी झालेला ठोका उजवीकडे ऐकू येतो आणि रॅकमधून थेट हातातही पोचतो. ‘आवाज उजवीकडून येतोय’ असं शपथेवर सांगणाऱ्या ड्रायव्हरचा यात काही दोष नसतो. पोलाद आवाज वाहून नेतंच.

निकाल आधीच: संच कामाचा आहे, पण हाताने करायच्या तपासण्या संपल्यानंतर. गाडी उभी असताना जो दोष सापडू शकतो, तो रस्त्यावर नेऊन मायक्रोफोनने शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि उत्तर तरीही संदिग्ध येतं. एमजीबीच्या पुढच्या भागातले बहुतेक आवाज जॅक, टॉमी बार (पोलादी दांडा), ग्रीस गन आणि एक मदतनीस एवढ्यावर पकडता येतात. म्हणून आधी तेच.

चाक उचला, पण कुठून उचलता त्याला महत्त्व आहे. जॅक क्रॉसमेंबरखाली किंवा चेसिसखाली लावला की सस्पेन्शन खाली लोंबतं, स्प्रिंग खालच्या विशबोनला ढकलत राहते आणि किंगपिनच्या (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं तिच्या) वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण बसतो. तो ताण झिजेला लपवतो. जॅक स्प्रिंग पॅनखाली घेऊन चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढंच उचला. आता सांधे मोकळे झाले. दोन्ही प्रकारे तपासा, कारण काही प्ले (सैलपणा) एकात दिसतो, काही दुसऱ्यात. चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नये.

घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी टायर धरून हलवा. हलत असेल तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, तसाच राहिला तर किंगपिन किंवा त्याच्या ट्रनियनमध्ये (किंगपिनला आर्मशी जोडणाऱ्या सांध्यात). नऊ आणि तीनच्या जागी हलवल्यावर मिळणारा प्ले स्टिअरिंगकडचा: टायरॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक), रॅकच्या आतला बॉल जॉइंट, किंवा रॅकच मुळात सैल. रॅकच्या गेटरवर (टोकाच्या रबरी आवरणावर) तळहात ठेवून हलवलं तर आतला बॉल जॉइंट हाताला लागतो; डोळ्यांना तो कधीच दिसत नाही.

बेअरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चुका फार होतात. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि दोघांच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या). एंड-फ्लोट, म्हणजे बेअरिंगमध्ये ठेवायची आत-बाहेरची ढिलाई, ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, आणि नट ४० ते ७० फूट-पाउंडाला कसायचा. ४० ला पोचल्यावर स्प्लिट पिनचं पुढचं भोक जुळेपर्यंत फिरवायचा. शिम कमी-जास्त करत हे जमवावं लागतं आणि ते कंटाळवाणं काम आहे. म्हणून काही ठिकाणी स्पेसर आणि शिम काढून टाकून साध्या गाडीसारखा नट हाताच्या अंदाजाने कसतात. मग तो स्पेसर, हब ज्यावर फिरतो त्या स्टब अ‍ॅक्सलला जो कडकपणा देत होता तो जातो. जोरात वळताना स्टब अ‍ॅक्सल किंचित वाकतो, ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि त्यानंतर ब्रेक दाबला की पेडल खोल जातं. वळणावर घर्र आवाज आणि वळणानंतर खोल गेलेलं पेडल ही जोडी दिसली, तर मायक्रोफोन पेटीतच राहू द्या आणि हब उघडून स्पेसर आहे का ते पाहा.

तारांची चाकं असतील तर अजून एक तपासणी. ब्रेक दाबून धरलेला असताना चाक पुढे-मागे फिरवून बघा. डिस्क जागेवर आणि चाक किंचित फिरतंय, टकटक करतंय, तर स्प्लाइन (हब आणि चाक जोडणारे खाचेदार दात) झिजल्या. गाडी निघताना एकदा खट्ट, ब्रेक लावताना एकदा खट्ट, रिव्हर्स घेताना पुन्हा खट्ट: हा आवाज सस्पेन्शनचा समजून बुश बदलणारे खूप आहेत. हब आणि चाक दोन्हींच्या स्प्लाइन झिजलेल्या असतील तर फक्त नवीन चाक लावल्याने जुना हब नव्या चाकालाही लवकर खातो.

जागेवर स्टिअरिंग फिरवताना येणारी कर्र किंवा कण्हल्यासारखा आवाज जवळजवळ नेहमी कोरड्या किंगपिनचा. प्रत्येक बाजूला ग्रीस भरायचे तीन निपल आहेत आणि तिन्हींत ग्रीस चाकावरचं वजन काढून भरायचं. वजन असताना एका बाजूची फट बंद असते आणि ग्रीस तिथे पोचत नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन पुन्हा भरा. सांध्यातून ताजं ग्रीस बाहेर येताना दिसलं पाहिजे. खालच्या ट्रनियनमधून काहीच येत नसेल तर जुनं ग्रीस आत दगड होऊन बसलंय. तसंच चालवत राहिलं तर खालच्या फल्क्रम बोल्टवरची (किंगपिनला खालच्या विशबोनशी धरणाऱ्या बोल्टवरची) डिस्टन्स ट्यूब बोल्टाला धरून बसते. मग तो बोल्ट पान्याने निघत नाही, करवतीने कापावा लागतो. (ट्रायम्फ स्पिटफायर किंवा टीआर ६ असलेल्यांनी हे वाचून ग्रीस गन हाती घेऊ नये. त्यांच्या पितळी ट्रनियनला ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं तर ट्रनियनमध्ये फिरणारा पोलादी उभा दांडा आतून गंजून तुटतो आणि चाक आडवं होतं.)

स्टिअरिंग फिरवताना किरकिर येत असेल आणि ती गाडी जॅकवर असतानाही येत असेल, तर खाली शोधूच नका. हॉर्नचा पेन्सिलसारखा कॉन्टॅक्ट स्टिअरिंगमागच्या रिंगवर घासतो, आणि ती रिंग कोरडी किंवा ओरखडलेली असली की आवाज येतो. कॉन्टॅक्ट काढून स्टिअरिंग फिरवून पाहिलं की दोन मिनिटांत खात्री होते.

हे सगळं झाल्यावर उरतो तो आवाज, जो फक्त चालत्या गाडीत, फक्त ठरावीक खड्ड्यावर किंवा फक्त ब्रेक लावत वळताना येतो. गाडी जॅकवर घेतली की तो गप्प. चेसिसइअरचं खरं काम तिथे सुरू होतं.

चिमटे कुठे लावायचे यावर निम्मा निकाल ठरतो. संचाबरोबरच्या सूचना सर्वसाधारण गाड्यांसाठी असतात. एमजीबीला पहिल्या फेरीत अशी मांडणी उपयोगी पडते: दोन चिमटे दोन्ही शॉकअब्सॉर्बरच्या बॉडीच्या पायावर, दोन दोन्हीकडच्या खालच्या विशबोनवर पिव्होटच्या जवळ, एक रॅकच्या ब्रॅकेटवर आणि एक रॅकच्या पिनियन हाउसिंगवर (रॅक हलवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या घरावर). डावी-उजवी जोडी ठेवण्याचा उद्देश तुलना हा आहे. एकट्या मायक्रोफोनमधून सगळीच गाडी भयंकर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गाडी आत्ता सुटी होणार. तोच आवाज दुसऱ्या बाजूच्या तशाच जागी कसा आहे हे बटण फिरवून ऐकलं की अर्थ लागतो.

धातूवर धातू टेकला पाहिजे. चिखल, जुनं अंडरसील, तेल खरवडून तारेच्या ब्रशने जागा चकचकीत करा. रबरावर किंवा जाड रंगावर चिमटा लावला तर आवाज मऊ येतो आणि निर्दोष वाटतो. चिमटा सैल असेल तर तो स्वतःच टकटक करतो, आणि हा खोटा आवाज पहिल्या फेरीत हमखास फसवतो. म्हणून प्रत्येक चिमटा हाताने ओढून पाहावा, मग चिमट्याच्या अगदी जवळ वायर टायने बांधावी, आणि पुढे दर वीतभर अंतरावर. वायरी बांधून झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. टायर, टायरॉड आणि अँटी-रोल बार यांपैकी कशालाही वायर लागता कामा नये. एमजीबीच्या इंजिनाला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडेच आहेत, त्यामुळे डाव्या बाजूच्या वायरी बाहेरून, चाकाच्या कमानीतून वर घ्याव्यात. आतून घेतल्या तर मॅनिफोल्डवर वितळतात. फिरणाऱ्या कुठल्याही भागाला चिमटा लावायचा नाही. हबचा आवाज ऐकायचा असेल तर स्टिअरिंग आर्मवर लावा, तो स्टब अ‍ॅक्सलला बोल्टने जोडलेला असतो.

फेरी मारण्याआधी चिमट्यांची बरोबरी तपासा. इंजिन बंद ठेवून एकेका चिमट्याच्या जागी पान्याच्या मुठीने सारखाच हलका ठोका मारा. सहाही मायक्रोफोन सारखे संवेदनशील नसतात. जो मुळात जोरात ऐकवतो त्यावर दोष लादला जाऊ नये म्हणून त्याचा क्रमांक लिहून ठेवा. शंका आली तर डाव्या आणि उजव्या चिमट्यांची अदलाबदल करून तीच फेरी पुन्हा मारा. आवाज चिमट्याबरोबर दुसरीकडे गेला, तर तो मायक्रोफोनचा; जागेवरच राहिला, तर गाडीचा.

हेडफोन ड्रायव्हरच्या कानावर नको, ही गोष्ट अटीची आहे. गाडी चालवणारा एक, ऐकणारा दुसरा. मोकळं मैदान किंवा कमी वाहतुकीचा रस्ता घ्या, वेग ताशी २० ते ३० किलोमीटर, आणि एका वेळी एकच कृती: सरळ जाताना एक ठरावीक उंचवटा, मग तोच उंचवटा ब्रेक हलका दाबून, मग मोठ्या वर्तुळात डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक कृती सहाही चॅनेलवर म्हणजे सहा वेळा करावी लागते. घाईने एका फेरीत बटण फिरवत गेलं तर प्रत्येक चॅनेलला वेगळा खड्डा ऐकू येतो आणि तुलना निरर्थक होते. या संचाची ही सगळ्यात मोठी मर्यादा: एका वेळी एकच कान उघडा. दोन जागांचे आवाज एकाच क्षणी शेजारी ठेवून ऐकता येत नाहीत, त्यामुळे आधी कुठे वाजलं हे कळत नाही, फक्त कुठे जोरात वाजलं एवढं कळतं.

आता काय ऐकू येतं ते. शॉकअब्सॉर्बरच्या चॅनेलवर, उंचवट्यावरून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा, कोरडा, टणक खट्ट आला तर आधी त्याला क्रॉसमेंबरवर धरणारे चार बोल्ट तपासा. ते ४३ ते ४५ फूट-पाउंडाला हवेत. एक बोल्ट कसताना नुसता फिरत राहिला तर क्रॉसमेंबरमधले आटे गेले. तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालणं हाच इलाज, मोठा बोल्ट ठोकू नये. याच चॅनेलवर आवाज मऊ, धप्प असा आणि फक्त दिशा बदलताना येत असेल तर आत तेल कमी होऊन हवा शिरली आहे. वरचा प्लग उघडून शॉकअब्सॉर्बर ऑइल भरा, आर्म वर-खाली हलवत हवा काढा. शाफ्टच्या टोकाला तेलाचा ओघळ असेल तर हे भरलेलं तेल काही आठवड्यांत जाईल, कारण तिथली शाफ्ट आणि सील झिजलेलं आहे. स्वस्तात मिळणारे ‘रिकंडिशन्ड’ शॉकअब्सॉर्बर अनेकदा धुऊन, रंगवून, तेल भरून दिलेले असतात. आर्म धरून वर-खाली नव्हे, तर पुढे-मागे, शाफ्टच्या रेषेत आणि तिच्या आडवं हलवून पाहा. हललं तर नुसत्या रंगाचे पैसे देऊ नयेत. बदली योजनेत जुना नग परत द्यावा लागतो, आणि ओतीव धातूचं हे जड धूड मुंबई-पुण्याहून इंग्लंड किंवा अमेरिकेला परत पाठवण्याचा खर्च मोठा असतो. भारतात एमजीबी सांभाळणाऱ्यांनी म्हणूनच शॉकअब्सॉर्बर बाद ठरवण्याआधी बोल्ट, तेल आणि वरच्या ट्रनियनचे रबर बुश हे तिन्ही तपासून घ्यावेत.

वरचे ट्रनियन बुश हा खरा छुपा रुस्तम. शॉकअब्सॉर्बरच्या आर्मच्या टोकाशी, किंगपिनच्या वर, प्रत्येक बाजूला दोन छोटे रबर बुश असतात. ते फाटले की आवाज शॉकअब्सॉर्बरच्या चॅनेलवरच सगळ्यात जोरात येतो, कारण आर्म आणि शाफ्ट यांतून तो थेट बॉडीत उतरतो. मायक्रोफोन इथे फरक करू शकत नाही. टॉमी बार ट्रनियनखाली घालून हलकेच उचकून पाहिलं की फरक कळतो. चेसिसइअरचं उत्तर ‘याच भागात’ इथवर येतं, ‘हाच तुकडा’ इथवर नाही.

खालच्या विशबोनच्या चॅनेलवरची कुईं-कुईं आणि त्यामागचा धप्प म्हणजे पिव्होट बुश. मूळ गाडीचे बुश दोन भागांचे, पातळ, मऊ रबराचे. तेल लागलं की लवकर फुगतात आणि किनारीतून बाहेर येतात. त्यांच्या जागी १९७३ ते १९७६ च्या एमजीबी जीटी व्ही८ चे बुश घालणं हा सर्वांत समतोल पर्याय. ते एकसंध असतात, आत पोलादी नळी असते, टिकतात आणि कुरकुरत नाहीत. पॉलियुरेथेनचे बुश स्टिअरिंग नेमकं करतात, पण कोरडे घातले तर सुतारपक्ष्यासारखे टकटक करतात नाहीतर दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. त्यांच्याबरोबर येणारं सिलिकोन ग्रीस सगळं वापरा. व्ही८ चे बुश बसवताना एक नियम मोडू नये: पिव्होटचा नट, २८ फूट-पाउंड, गाडी चाकांवर उभी करून, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून बसवल्यावरच अंतिम कसायचा. जॅकवर लोंबत असताना कसला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि एका मोसमात फाटतं.

रॅकच्या ब्रॅकेटवर ऐकू येणारी टकटक हातालाही जाणवते. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करण्यात हा संच उत्तम चालतो. आवाज ब्रॅकेटच्या चॅनेलवर जास्त आणि पिनियनच्या चॅनेलवर कमी असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट किंवा रॅकचा दूरचा बुश. उलटं असेल तर पिनियनवरचा रॅक डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगने रॅकला पिनियनवर दाबणारी टोपी, किंवा कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट. डॅम्परचे शिम कमी करण्याआधी रॅकमध्ये तेल आहे का ते पाहा. मूळ रॅक ९० नंबरच्या तेलावर चालतात. गेटर फाटला की तेल जातं, आणि तिथे ग्रीस ठोसणं हा इलाज नाही, कारण घट्ट ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की दातांवर परत येत नाही. युनिव्हर्सल जॉइंट लवकर मरत असेल तर कॉलम आणि पिनियन एका रेषेत नाहीत. रॅक क्रॉसमेंबरवर बसवताना शिम घालून ती रेष जुळवायची असते, आणि नवीन रॅक बसवणाऱ्या किती जणांनी ते शिम फेकून दिले असतील याची कल्पनाच करवत नाही.

सहाही चॅनेलवर आवाज सारखाच येत असेल तर तोही निकालच. क्रॉसमेंबर चार बोल्टांवर, रबरी पॅडांमध्ये धरलेला असतो. पॅड चेपले की सगळा क्रॉसमेंबर एकत्र आपटतो. दुसऱ्या फेरीत एक चिमटा क्रॉसमेंबरच्या टोकाला आणि एक त्याच्या अगदी वर चेसिसवर लावा. चेसिसवरचा आवाज जवळजवळ तेवढाच कडक असेल तर मधलं रबर संपलं आहे.

विकत घ्यावा का? जुन्या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या गॅरेजने जरूर घ्यावा. एक गाडी असलेल्याने आधी साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्यावा. मदतनीस बंपर दाबून गाडी हलवत असताना बुशांची कुरकुर त्यावर लख्ख ऐकू येते आणि किंमत अगदी किरकोळ. चेसिसइअर क्लबमध्ये एकाकडे असलं तरी पुरतं, वर्षातून एकदाच लागतं. बिनतारी संचात वायरींची कटकट नाही, पण चाकाजवळ बांधायच्या डब्या जड असतात आणि एमजीबीच्या अरुंद कमानीत त्यांना जागा शोधावी लागते. या गाडीसाठी वायरवाला बरा.

दुरुस्तीनंतर तेच चिमटे त्याच जागी लावून त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने पुन्हा एक फेरी मारा. आणि क्रॉसमेंबर नव्याने रंगवला असेल तर शॉकअब्सॉर्बरचे चार बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा पान्याने तपासा. बैठकीखालचा जाड रंग दाबला जातो, बोल्टाची पकड सैल होते, आणि तोच कोरडा खट्ट पुन्हा येतो.